शब्दचर्चा : 'ग्रासरूट्स' म्हणजे 'तळागाळातील' का?

अनुवादक :
अमेरिकेतल्या सरकारी खर्चाच्या वादावरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यातल्या एका वाक्याचा कच्चा मसुदा असा : 'वित्तीय पुराणमतवादी आणि तळागाळातील कार्यकर्त्यांनी राखीव तरतुदींना, तसेच सार्वजनिक निधीला विरोध केला.' मूळ शब्द अनुक्रमे फिस्कल कॉन्झर्वेटिव्ह, ग्रासरूट्स, इअरमार्क आणि पब्लिक फंडिंग. संदर्भ २००९-१०च्या टी पार्टी चळवळीचा, म्हणजे सरकारनं खर्च आणि कर आवरावेत म्हणणाऱ्या अमेरिकी चळवळीचा. कोशात पाहिलं तर एकही शब्द चूक नाही, तरी वाक्य वाचून डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. नेमकं कुठे घसरतंय?

कोशप्रेमी :
चारही ठिकाणी घसरतंय, पण सर्वांत जास्त 'तळागाळातील'मध्ये.

तळ आणि गाळ या शब्दांनी मराठीत समाजाची उतरंड दाखवली जाते. तळागाळातला माणूस म्हणजे गरीब, वंचित, ज्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही असा. ग्रासरूट्समध्ये उतरंड आहे ती संघटनेची. मुख्यालयातून हुकूम सुटला म्हणून नव्हे, तर गावोगावच्या साध्या सभासदांनी उभं केलं म्हणून ते ग्रासरूट्स. १९१२ साली अमेरिकी राजकारणी अल्बर्ट बेव्हरिज यांनी नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाबद्दल बोलताना, हा पक्ष गवताच्या मुळांतून आलाय, असं म्हटलं तेही याच अर्थानं. त्यात दारिद्र्य गृहीत नाही.

टी पार्टीच्या बाबतीत तर ही गफलत फारच नडते. न्यूयॉर्क टाइम्स हे वृत्तपत्र आणि सीबीएस ही वाहिनी यांनी एप्रिल २०१०मध्ये घेतलेल्या पाहणीत या चळवळीचे समर्थक सर्वसाधारण अमेरिकी माणसापेक्षा अधिक सधन, अधिक शिकलेले आणि बहुतेक ४५च्या पुढचे निघाले. त्यांना 'तळागाळातील' म्हटलं की मराठी वाचकाला भूमिहीनांचा मोर्चा दिसणार. ही माणसं सरकारकडे काही मागायला आली नव्हती, सरकारनं खर्च आवरावा म्हणून आली होती.

माझं मत : चळवळीसाठी 'लोकांतून उठलेली', कार्यकर्त्यांसाठी नुसतं 'गावोगावचे' किंवा 'स्थानिक'. 'स्वयंस्फूर्त' टाळावं. त्यातून काहीही न ठरवता अचानक घडलं असं सुचतं. लोकांतून उठलेल्या चळवळीतही सभेची परवानगी काढावी लागते, पत्रकं छापावी लागतात, नगरपालिकेच्या बैठकीला कोण जाणार याच्या पाळ्या लावाव्या लागतात.

ताळेबंद :
'लोकांतून उठलेली' पटलं. मात्र तो शब्द वापरण्याआधी दावा खरा आहे का ते पाहावं, कारण याच्याच विरुद्ध टोकाचा शब्द अॅस्ट्रोटर्फ आहे. ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोम क्रीडागृहात १९६६मध्ये घातलेल्या कृत्रिम हिरवळीचं हे नाव. १९८५ साली टेक्ससचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांनी, गवताची मुळं आणि अॅस्ट्रोटर्फ यांतला फरक टेक्ससच्या माणसाला कळतो, असं म्हटलं आणि शब्द राजकारणात आला. त्यांच्याकडे पत्रांचा ढीग आला होता आणि त्यामागे विमा कंपन्यांचं हित होतं.

मराठीत याला सर्रास 'भाडोत्री गर्दी' म्हणतात. तो अर्थ वेगळा. भाडोत्री गर्दीत माणसं पैसे घेऊन येतात. अॅस्ट्रोटर्फमध्ये आलेली माणसं मनापासून आलेली असू शकतात, लपलेला असतो तो पैसा पुरवणारा.

संस्था कोणत्या प्रकारची आहे हे तपासायची ठरलेली वाट आहे. पहिल्यांदा नोंदणी पाहायची. अमेरिकी प्राप्तिकर कायद्याच्या ५०१(क)(३) कलमाखालच्या धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, कायदे बदलण्यासाठी दबाव आणण्यावरही मर्यादा असते. ५०१(क)(४)खालच्या समाजकल्याण संस्थेला तसा दबाव मोकळेपणी आणता येतो आणि देणगीदारांची नावं लोकांसमोर ठेवावी लागत नाहीत. मग त्यांचं वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ९९०, काढायचं. ते कुणालाही पाहता येतं. त्यात एकूण जमा, पदाधिकाऱ्यांचे पगार आणि दुसऱ्या संस्थांना दिलेली अनुदानं असतात. गावातल्या गटाची जमा लहान आणि पगार शून्य असेल, तर 'लोकांतून उठलेली' लिहायला आधार मिळतो. एका मोठ्या संस्थेच्या विवरणपत्रात अशा दहा गटांना दिलेल्या रकमा सापडल्या, तर शब्द बदलावा.

टी पार्टीत दोन्ही होतं. गावोगावचे शेकडो लहान गट होते आणि वॉशिंग्टनमधल्या जुन्या, पैसेवाल्या संस्थाही होत्या. त्यामुळे सरसकट कोणताच शिक्का मारू नये. लहान गटांना नोंदणीतही त्रास झाला. नावात 'टी पार्टी' किंवा 'पेट्रियट्स' असलेले अर्ज करखात्यानं वेगळे काढून रखडवले, हे मे २०१३मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या करविषयक महानिरीक्षकांच्या अहवालातून बाहेर आलं. ग्रासरूट्स हा शब्द ही मंडळी इतक्या अभिमानानं का लावतात, ते यावरून कळेल.

अनुवादक :
मग अॅस्ट्रोटर्फला 'प्रायोजित चळवळ' चालेल?

कोशप्रेमी :
प्रायोजक उघड असतो, फलकावर त्याचं नाव असतं. इथे लपवाछपवी हाच मुद्दा आहे. 'बेगडी चळवळ' म्हणा. बेगड चकाकते, पण ते सोनं नव्हे. कृत्रिम हिरवळीच्या प्रतिमेला याहून जवळचा मराठी शब्द मला माहीत नाही.

आता कॉन्झर्वेटिव्ह. ब्रिटनच्या पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी फार पूर्वीच 'हुजूर पक्ष' केलं आणि समोर 'मजूर पक्ष' ठेवला. जोडी झकास आहे, पण अमेरिकेत चालणार नाही. 'पुराणमतवादी', 'सनातनी', 'रूढिवादी' यांना धर्म आणि चालीरीतींचा वास आहे. सरकारी जमाखर्चाशी त्यांचा संबंध लागत नाही, शिवाय बोलण्यातच नापसंती येते. ज्याचं मत सांगायचं त्याला स्वतःला ते नाव मान्य होईल, असा शब्द हवा. 'सरकारी खर्चाबाबत काटकसरवादी' कसं वाटतं?

ताळेबंद :
बरं वाटतं, पण त्या एका इंग्रजी शब्दाखाली तीन वेगळी माणसं उभी आहेत आणि त्यांचं आपसांत भांडण होतं.

पहिला तूटविरोधी. जमा आणि खर्चाचा मेळ बसला पाहिजे, वेळ पडली तर कर वाढवू, असं म्हणणारा. दुसरा करवाढविरोधी. अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म या ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांच्या संस्थेनं १९८६पासून उमेदवारांकडून लेखी प्रतिज्ञा घ्यायला सुरुवात केली : कराचा एकूण बोजा वाढवणाऱ्या कोणत्याही प्रस्तावाला विरोध करीन. तिसरा मर्यादित-सरकारवादी. त्याचा आक्षेप रकमेवर नसतोच. तिजोरी भरलेली असली तरी हे काम सरकारचं नाही, असं तो म्हणेल. थोरले जॉर्ज बुश यांनी १९८८मध्ये नवे कर लावणार नाही असं वचन दिलं आणि १९९०मध्ये तूट कमी करण्यासाठी करवाढ स्वीकारली. पहिल्या गटाच्या लेखी ही जबाबदारी होती, दुसऱ्याच्या लेखी विश्वासघात. अनुवादात तिघांना एकच नाव दिलं तर ही फूट वाचकाला कळणारच नाही.

टी पार्टीसाठी 'काटकसरवादी' चालेल. ठिणगीच खर्चाची होती : ऑक्टोबर २००८मधली ७०० अब्ज डॉलरची बँकबचाव योजना, मग मंदीतून अर्थव्यवस्था सावरण्यासाठी फेब्रुवारी २००९मध्ये केलेला ७८७ अब्जांचा उत्तेजन कायदा.

(जाता जाता : बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे १०० कोटी. ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. ७८७ बिलियनचे ७८,७०० कोटी होतात. छापील मजकुरात इथे एक शून्य हमखास इकडचं तिकडे होतं.)

कोलोरॅडोकर :
लोकांतून उठलेल्या चळवळीचं काम मोर्च्यापेक्षा मतपत्रिकेवर जास्त दिसतं. तिथलेही दोन शब्द हमखास चुकतात.

कॅलिफोर्नियाचं प्रपोझिशन १३. 'प्रस्ताव १३' लिहिलं की तो विधानसभेत कुणीतरी मांडलेला ठराव वाटतो. हा नागरिकांनी सह्या गोळा करून मतदानाला आणलेला प्रश्न होता. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी तो आणला आणि ६ जून १९७८ला सुमारे ६५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला गेला, मूल्यांकनाची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर, आणि घर विकलं गेलं की नव्यानं मूल्यांकन. राज्याचे कर वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागू लागली. परिणामी शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांचा कर अनेक पटींनी वेगळा असू शकतो : एक १९७५च्या मूल्यावर अडकलेलं, दुसरं परवा विकत घेतलेलं. 'जनप्रस्ताव १३' लिहावं.

दुसरा शब्द कोलोरॅडोचा टेबोर, म्हणजे 'टॅक्सपेअर्स बिल ऑफ राइट्स', राज्याची १९९२ची घटनादुरुस्ती. तिच्या नावातल्या 'बिल ऑफ राइट्स'चं 'करदाता हक्क विधेयक' केलेलं पाहिलंय. इथे बिल म्हणजे विधेयक नव्हे, सनद. 'करदात्यांची सनद'. तिचे दोन मुख्य नियम असे : मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवायचा नाही, आणि सरकारनं ठेवून घ्यायचा महसूल महागाई अधिक लोकसंख्यावाढ यांच्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही. वरचं परत करायचं.

अडचण मंदीत आली. महसूल घसरला की पुढच्या वर्षीची मर्यादा त्या घसरलेल्या आकड्यावरून मोजली जायची. मंदी संपली तरी छत खालीच. २००५मध्ये मतदारांनी 'रेफरंडम सी' मंजूर करून पाच वर्षं ही परतफेड थांबवली. छत घालावं या मताचा मी आहे, पण ते कोणत्या वर्षापासून मोजायचं हे आधी नीट ठरवलं पाहिजे.

कोशप्रेमी :
'जनप्रस्ताव' घेतला. आता इअरमार्क. मेंढराच्या किंवा गुराच्या कानाला खाच पाडून मालकी दाखवायची, त्यावरून शब्द आला. 'राखीव तरतूद' चूक, कारण राखीव म्हटलं की बाजूला काढून ठेवलेलं, किंवा आरक्षण. इअरमार्क म्हणजे खर्चाच्या कायद्यात विशिष्ट कामाचं नाव घालून केलेली तरतूद. 'नावनिशीची तरतूद' सुचवतो.

ताळेबंद :
चालेल. उदाहरण द्यायचं तर अलास्कातल्या केचिकन शहराजवळचा ग्रॅव्हिना बेटाचा पूल. बेटावर पन्नासेक माणसं आणि विमानतळ. २००५च्या महामार्ग कायद्यात त्याच्या नावानं २२ कोटी डॉलरच्या वर रक्कम पडली. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी तो पैसा कॅटरिना वादळात मोडलेल्या लुइझियानातल्या पुलाकडे वळवायची दुरुस्ती मांडली. ती ८२ विरुद्ध १५ अशी पडली. पुढे ओरड झाल्यावर कायद्यातलं पुलाचं नाव काढलं गेलं, पण पैसा अलास्काकडेच राहिला. निशी पुसली, रक्कम तशीच. म्हणून 'इअरमार्क रद्द' याचं भाषांतर 'निधी रद्द' करू नये.

आपल्या खासदार निधीशीही तुलना करू नये. तिथे प्रत्येक खासदाराला वर्षाला सारखेच ५ कोटी रुपये. इथे रक्कम ठरते ती त्या सदस्याच्या समितीतल्या वजनावर. रिपब्लिकन गटानं २०११पासून बंदी घातली, २०२१मध्ये ही प्रथा नव्या नावानं परतली. सगळेच काटकसरवादी बंदीच्या बाजूचे नव्हते हेही लक्षात ठेवा. लोकप्रतिनिधीनं नाव घातलं नाही तर ते नोकरशहा घालतो, असं काहींचं म्हणणं होतं.

अनुवादक :
आणि 'सार्वजनिक निधी'? तो तर सरळ वाटतो.

कोशप्रेमी :
मराठी कानाला तो उलटाच ऐकू येऊ शकतो. आपला सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणीवर चालतो, सरकारी पैशावर नाही. सार्वजनिक वाचनालयाचीही मुळं देणग्यांत असतात. पब्लिक फंडिंग म्हणजे सरकारी तिजोरीतून आलेला पैसा.

हा फरक पब्लिक ब्रॉडकास्टिंगच्या वादात कळीचा ठरतो. १९६७च्या कायद्यानं नेमलेलं महामंडळ संसदेकडून पैसे घेऊन स्थानिक रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांना वाटायचं. केंद्रं शिवाय श्रोत्यांकडून वर्गणीही घ्यायची. काटकसरवाद्यांचं म्हणणं : ज्याला ऐकायचंय त्यानं वर्गणी द्यावी, न ऐकणाऱ्याकडून करातून वसूल करू नये. दोन्ही पैशांना 'सार्वजनिक निधी' म्हटलं की हा युक्तिवाद मराठीत उभाच राहत नाही. एक 'सरकारी पैसा', दुसरी 'श्रोत्यांची वर्गणी'.

आणखी एक बारकावा. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८३मध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं की सरकारी पैसा अशी गोष्टच नसते, असतो तो करदात्यांचा पैसा. म्हणून ही मंडळी 'टॅक्सपेअर मनी' म्हणतात तेव्हा 'करदात्यांचा पैसा' असंच ठेवा. लेखक स्वतः बोलत असेल तिथे 'सरकारी पैसा'.

ताळेबंद :
त्याच प्रकरणात २०२५मध्ये रिसिशन झालं. हा 'कपात' नव्हे. या महामंडळाला दोन वर्षं आधीच रक्कम मंजूर होत असे, म्हणून ते सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घ्यायला वेगळा कायदा करावा लागला. 'मंजूर निधी मागे घेणे' म्हणा.

'कपात' शब्दावरच जास्त सावध राहावं लागतं. यंदाचा खर्च १०० आहे. धोरण न बदलता पुढच्या वर्षी तो १०६ होईल असा अंदाज आहे. कुणी १०३ सुचवले. विरोधक म्हणतात ३ची कपात, समर्थक म्हणतात ३ची वाढ, आणि महागाई ४ टक्के असेल तर पैशाची खरी किंमत थोडी घटलीच. तिघंही खरं बोलतायत. अंदाजापेक्षा कमी असेल तर 'वाढीला लगाम', यंदापेक्षा कमी असेल तरच 'कपात'.

शिवाय 'मँडेटरी स्पेंडिंग'ला 'अनिवार्य खर्च' करू नका. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात अनिवार्य खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज. अमेरिकेत मँडेटरीमध्ये मोडतात सोशल सिक्युरिटी (मुख्यतः वृद्धांचं पेन्शन), मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा आरोग्यविमा), मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा). संसदेनं दरवर्षी मंजुरी दिली नाही तरी कायद्यात पात्र ठरलेल्या माणसाला पैसे मिळतातच. संरक्षण खात्याचे पगार मात्र वार्षिक मंजुरीत येतात. 'कायद्यानं बांधलेला खर्च' म्हणा.

अनुवादक :
सुधारलेलं वाक्य : 'सरकारी खर्चाबाबत काटकसरवादी असलेल्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी नावनिशीच्या तरतुदींना, तसेच सरकारी पैसा देण्याला विरोध केला.'

कोशप्रेमी :
'सरकारी पैसा देण्याला' अर्धवट राहतंय. कुणाला, ते मूळ लेखात असेल. रेडिओ केंद्रांना, कलासंस्थांना, की वाहन कंपन्यांना? ते नाव घाला. विरोध कशाला होता हे त्याशिवाय वाचकाला समजणार नाही.