मदत हवी आहे: ९ किलो उतरले की रात्रीचं खाणं पुन्हा सुरू

रानजाई:
आहारतज्ज्ञ आहे. क्लायंटला १४०० कॅलरीचा तक्ता दिलाय. वजन ९ किलो उतरतं आणि तिथून सगळं बिघडतं. ही तिसरी खेप. लहानपणी घरात फार मारहाण होती म्हणाली. त्याचा संबंध असेल का? तक्त्यात काय बदलू? शनिवारी येणार आहे, लवकर सांगा.

केतकी_मानस:
रात्री म्हणजे किती वाजता? किती आणि कसं खाते? आठवड्यातून किती वेळा? नंतर उलटी काढते का? दिवसभर पोटात काय जातं? याशिवाय काय सांगणार, ताई?

घाटमाथा:
दोनदाच जेवायला सांगा, मध्ये काही नाही. इन्सुलिन आटोक्यात आलं की रात्रीची भूक जाते.

केतकी_मानस:
@घाटमाथा, बिंज, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाणं, असेल तर नेमकं हेच टाळायचं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करतं.

रानजाई:
साडेदहानंतर, सगळे झोपल्यावर. ओट्याशी उभ्यानेच, दिवा न लावता, डब्यातल्या पोळ्या तूप-साखर लावून. पोट दुखेपर्यंत. आठवड्यातून ३-४ वेळा. उलटी नाही. सकाळी कोरी कॉफी, दुपारी सॅलड.

सुबोध_क:
विम्यातून बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायची शस्त्रक्रिया होते. बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार.

रानजाई:
शस्त्रक्रियेचं विचारलंच नाहीये हो.

केतकी_मानस:
हे ३ महिने चालू असेल तर डीएसएम-५ च्या (मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका) बिंज-ईटिंग आजाराच्या निकषांत बसू शकतं. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतील. १४०० चा तक्ता तूर्त बाजूला ठेवा. ३ जेवणं, २ मधली खाणी, दोन खाण्यांत ४ तासांहून जास्त अंतर नको. संध्याकाळचं खाणं चुकलं की रात्र हातची जाते. वहीत कॅलरी नकोत. वेळ, जागा आणि खाण्याआधी काय वाटत होतं, एवढंच लिहू दे.

आणि ९ किलोवर काय घडतं ते बघा. १९८० च्या दशकात सॅन डिएगोत डॉ. फेलिटींच्या वजन कार्यक्रमातून छान उतरणारी माणसंच गळत होती. मुलाखतींत अनेकांच्या बालपणीचे अत्याचार पुढे आले; काहींना जाड शरीरातच सुरक्षित वाटत होतं. बालपणीच्या वाईट अनुभवांचा पुढच्या आरोग्याशी संबंध पाहणारा १९९८ चा एसीई अभ्यास त्यातूनच उभा राहिला. तिला एवढंच विचारा, "वजन उतरल्यावर लोक काय म्हणाले, तुला कसं वाटलं?"

निशिगंध:
पण प्रत्येक जास्त खाणाऱ्यामागे बालपण शोधू नका. थायरॉइड, स्टिरॉइड, झोप आधी तपासा.

केतकी_मानस:
तपासाच. पण मारहाणीचं तिने आपणहून सांगितलंय, ते सोडून कसं चालेल? मात्र ताई, तुम्ही खणू नका. अर्धवट उकरलेलं घेऊन ती घरी जाईल आणि त्या रात्री ओट्याशीच उभी राहील. ट्रॉमावर काम करणाऱ्याकडे पाठवा. तोवर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात.

रानजाई:
शनिवारी काट्यावर उभं करू की नको?

केतकी_मानस:
तिलाच विचारा. नको म्हणाली तर काटा आत ठेवा.