बहिर्वेशन, वानगी की शीतपरीक्षा?

अंत्रुजकर: पर्वरीला मेडिकल बिलिंगचं काम करते. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) तपासण्यांवर नव्या मुलांसाठी मराठी टिपण लिहितेय आणि 'एक्स्ट्रापोलेशन'पाशी अडलेय. समजा, २०,००० दाव्यांतून (डॉक्टरांनी पाठवलेल्या बिलांतून) १०० यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, काढले, दर दाव्यामागे सरासरी ४० डॉलर जादा दिलेले निघाले, तर सगळ्यांचे मिळून ८ लाख. या शेवटच्या पायरीला काय म्हणू? 'बहिर्वेशन' लिहिलं, तर एकीने विचारलं, कोणाला बाहेर काढायचं?

बार्देशी: बहिर्वेशनच ठेवा. अंतर्वेशनाची, म्हणजे हातातल्या आकड्यांच्या मधला आकडा काढण्याची, जोडी आहे, परिभाषेत रुळलेला शब्द आहे. 'प्रक्षेपण' नको, ते टीव्हीचं.

सत्तरीकर: रुळलेला असला तरी इथे चूक. बहिर्वेशन म्हणजे हातातल्या माहितीच्या टोकापलीकडे जाणं. हे १०० तर त्या २०,००० मधलेच! आमचे आजोबा भात घेताना पोत्यात हात घालून मूठभर काढायचे, त्या वानगीवर खंडीचा भाव ठरायचा. 'वानगीवरून आकारणी' म्हणा.

बार्देशी: हात घालून मूठ वरचीच येते. तळाला भिजलेलं असलं तर? यादृच्छिक निवडीत तळच्यालाही संधी असते. वानगीत ते येत नाही.

पेडणेवाला: शितावरून भाताची परीक्षा! सरळ 'शीतपरीक्षा' म्हणा की.

अंत्रुजकर: कानाला गोड आहे, पण यात सावधगिरी कुठे दिसते? पूर्ण ८ लाख सहसा मागत नाहीत, ९० टक्के विश्वासांतराची (खरा आकडा ज्यात असण्याचा ९० टक्के भरवसा, त्या पट्ट्याची) खालची मर्यादा धरतात. शिवाय २००३ च्या कायद्याप्रमाणे चुका सतत किंवा मोठ्या प्रमाणात असल्या, किंवा समजावूनही सुधारणा झाली नाही, तरच मेडिकेअरच्या कंत्राटदारांना हा मार्ग मोकळा. कोणी न उघडलेल्या १९,९०० दाव्यांचे पैसे डॉक्टरने परत करायचे असतात. शब्द सैल नको.

सत्तरीकर: आणि शीत म्हणजे काय ते आधी ठरवा. आमच्या कोंकणीत शीत म्हणजे ताटातला शिजलेला सगळा भात, आणि भात म्हणजे शेतातलं. म्हणीचा अर्थच फिरतो.

पेडणेवाला: म्हण मराठी आहे, मराठीत शीत म्हणजे एकच कण. आई पेजेतलं शीत चिमटीत दाबून बघायची.

बार्देशी: एक शीत चालतं, कारण मडकं एक आणि जाळ एक. दावे वेगवेगळ्या मडक्यांतले असतात, म्हणून आधी सारख्या दाव्यांचे थर पाडून मग प्रत्येक थरातून निवड करतात.

सत्तरीकर: उकड्या तांदळाचं मडकंसुद्धा सगळीकडे सारखं शिजत नाही. आमची आई तीन ठिकाणचं बघायची.

पेडणेवाला: तीन ठिकाणचं काय? शीत म्हणायची की कण?