गृहकर्जात एकदम पाच लाख भरावेत का? आणि भरले तर हप्ता कमी करावा की मुदत?

उंबरठा

शिल्लक मुद्दल ३२ लाख, बदलता दर, सध्या साडेआठ टक्के. १५ वर्षे बाकी, हप्ता ३१,५१२. हप्ता सोडून घरखर्च महिना ४५ हजार, कमावणारा एकच. हाताशी ९ लाख आहेत: ६ लाखांची एकच एफडी, ३ लाख बचत खात्यात. जूनमध्ये शाळेची फी आणि विम्याचा हप्ता मिळून दीड लाख एकदम जातात.

५ लाख कर्जात टाकायचा विचार आहे. बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? घरात दोन मते आहेत. आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

बेरीज_वजाबाकी

आधी नुसते आकडे. काहीच न करता १५ वर्षे हप्ते भरलेत तर एकूण व्याज सुमारे २४.७ लाख जाईल.

५ लाख भरून हप्ता तोच ठेवलात तर कर्ज १३३ व्या हप्त्याला संपतं, म्हणजे जवळजवळ चार वर्षे आधी. व्याज १४.७ लाखांवर येतं, १० लाख वाचले. तेच ५ लाख भरून मुदत १५ वर्षेच ठेवलीत तर हप्ता २६,५८८ होतो, दरमहा ४,९२४ मोकळे होतात, पण व्याजात वाचतात फक्त ३.८६ लाख.

हे पाहून सगळे 'मुदत कमी करा' म्हणतात. पण हप्ता कमी करून ते ४,९२४ दर महिन्याला तुम्ही स्वतःहून कर्जात भरत राहिलात, तर कर्ज त्याच महिन्यात संपतं आणि व्याजही तेवढंच वाचतं. फरक इतकाच की वाईट महिन्यात ती जादा रक्कम थांबवता येते. ३१,५१२ चा हप्ता मात्र थांबवता येत नाही. घरात एकच पगार असेल तर ही मोकळीक मोलाची आहे. अट एकच, ती रक्कम खरंच कर्जात गेली पाहिजे. स्वतःवर तेवढा भरवसा नसेल तर मुदत कमी करून मोकळे व्हा.

पासबुक

गणित बरोबर आहे, पण ५ लाख हा आकडा मला पटत नाही.

हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च साडेशहात्तर हजार. सहा महिन्यांची तजवीज म्हणजे ४.६ लाख. जूनचे दीड लाख वेगळे. ९ मधून हे वजा केले की उरतात जेमतेम २.९ लाख. तेवढेच कर्जात टाकण्यासारखे आहेत. कर्जात गेलेला पैसा परत मागता येत नाही. उद्या नोकरी गेली तर 'मागच्या वर्षी पाच लाख जादा भरले होते' म्हणून बँक हप्ता माफ करणार नाही. मग तीन टक्के महिना घेणारं क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन काढावं लागतं आणि साडेआठ टक्क्यांवर वाचवलेलं सगळं तिथे जातं.

३ लाख धरले तरी, हप्ता तोच ठेवून, अडीच वर्षे कमी होतात आणि व्याजात ६.६ लाख वाचतात. काही थोडं नाही.

बचत खात्यातले ३ लाख आधी वापरा, तिथे व्याज सगळ्यात कमी मिळतं. ६ लाखांची एफडी मुदत संपली की दीड-दीड लाखाच्या चार करून ठेवा. एक मेअखेरीस पिकेल अशी, फी-विम्यासाठी. बाकीच्या तीन अडीअडचणीच्या. एकच मोठी एफडी असली की पन्नास हजारांसाठी अख्खी मोडावी लागते आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड सगळ्या रकमेवर बसतो. (काही बँका अर्धवट मोडू देतात, विचारून पाहा.)

आणि ते दीड लाख दरवर्षी जूनमध्ये आकाशातून पडल्यासारखे येत नाहीत. महिना साडेबारा हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी. तुमचा खरा घरखर्च ४५ नाही, साडेसत्तावन हजार आहे. जादा किती भरता येईल ते यावरून ठरवा.

टाचणी

'१० लाख वाचले' या आकड्याने हुरळून जाऊ नका. ते पुढच्या ११ ते १५ वर्षांत वाचणारे रुपये आहेत. ५ लाख साडेआठ टक्क्यांच्या चक्रवाढीने १३ वर्षांत १५ लाख होतात, ते हेच: पाच तुमचे, दहा व्याजाचे. थोडक्यात, तुम्हाला साडेआठ टक्के करमुक्त, बिनजोखमीचा परतावा मिळतो. ७ टक्क्यांच्या एफडीवर तीस टक्के टप्प्यात कर जाऊन ४.८ टक्के हातात राहतात. एफडीपेक्षा प्रीपेमेंट चांगलं, यात वाद नाही. पण कुठल्याही दीर्घ गुंतवणुकीशी तुलना करायची तर या साडेआठशी करा, दहा लाखांशी नको.

त्याआधी एक फुकटचं काम. तुमचा दर कशाला जोडलाय ते पाहा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर), जोडलेली असतात. कर्ज त्याआधीचं असेल तर एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवते तो अंतर्गत दर) अडकलेलं असू शकतं. रेपोवर असलात तरी तुमचा स्प्रेड (रेपोच्या वर बँक लावते तो जादा टक्का) आज नव्या ग्राहकाला देतात त्याहून जास्त असू शकतो. शाखेत लेखी अर्ज करा, बदलाचं एकरकमी शुल्क विचारा. अर्धा टक्का कमी झाला आणि हप्ता तोच ठेवला तर एक रुपयाही जादा न भरता दहा हप्ते आणि ३.१ लाख व्याज कमी होतं. बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसरीकडे नेण्याचा विचार करा, पण प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन आणि मुद्रांक शुल्क मिळून किती जातात ते आधी लिहून काढा.

आता पैसे भरताना काय बिनसतं ते. नुसती रक्कम कर्जखात्यात वळती केली की काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून पडून राहते. मुद्दल कमी होत नाही, व्याज चालूच. 'ही रक्कम पार्ट पेमेंट म्हणून मुद्दलात जमा करावी, हप्ता / मुदत कमी करावी' असं लेखी द्या, पोच घ्या. चार दिवसांनी खातेउतारा काढून तीन गोष्टी पाहा: भरल्या तारखेलाच मुद्दल तेवढं उतरलंय का, उरलेले हप्ते किती, आणि पुढच्या हप्त्यात व्याजाचा वाटा कमी झालाय का. आज तुमच्या हप्त्यात व्याज २२,६६७ आहे. ३ लाख भरल्यावर पुढच्या पूर्ण महिन्यासाठी ते २०,५४२ च्या आसपास दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर कुठेतरी घोळ आहे.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. मागितला तर ते लेखी द्यायला सांगा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारपत्र वाचा.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. २.९ लाखांवर एकमत होतंय घरात. अजून दोन शंका. प्रीपेमेंट केलं तर करसवलत जाते ना? आणि ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज घ्यावं का?

बेरीज_वजाबाकी

नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर सवलतच नाही, प्रश्न मिटला. जुनीत असाल तर मर्यादा वर्षाला २ लाख. साडेआठ टक्क्यांनी २ लाख व्याज साधारण साडेतेवीस लाख मुद्दलावर होतं. तुमचं ३२ लाख आहे, म्हणजे साडेतेवीसपर्यंत उतरेस्तोवर सवलतीचा एक पैसा जात नाही. त्याखाली गेल्यावरही, तीस रुपये कर वाचवायला शंभर रुपये व्याज भरण्यात कसला शहाणपणा?

ओव्हरड्राफ्टचं सांगतो. त्यात अडीअडचणीचे पैसे कर्जखात्यातच ठेवता येतात, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढता येतात. पण दर थोडा जास्त असतो. पाव टक्का जास्त धरला तर ३२ लाखांवर वर्षाला ८ हजार जादा. वर धरलेल्या एफडीशी तुलना केली तर सरासरी २ लाख कायम पडून राहिले तरच बरोबरी होते. तुमचे ४.६ लाख ठेवलेत तर वर्षाला सुमारे १० हजारांचा फायदा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ठेवलेली रक्कम म्हणजे मुद्दलाची फेड नव्हे, तिच्यावर मुद्दलाची करसवलत मागता येत नाही. आणि काढायची मर्यादा बहुतेक ठिकाणी दरमहा उतरत जाते, करारात पाहून घ्या. हात सैल असेल तर या खात्याच्या वाटेला जाऊ नका, डेबिट कार्ड जोडलेलं असतं.

दरवर्षी पगार वाढला की हप्ता ५ टक्क्यांनी वाढवा, हेही चालतं. एकरकमी काहीही न भरता तुमचं कर्ज सुमारे साडेदहा वर्षांत संपतं. पण अकराव्या वर्षी हप्ता ५१ हजारांवर गेलेला असेल. म्हणून बँकेकडून हप्ता वाढवून घेण्यापेक्षा फरक स्वतः भरत जा.

पासबुक

व्याजदर वाढले की बँका गुपचूप मुदत ताणत असत. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. तुमची 'उरलेली १५ वर्षे' मूळ वेळापत्रकाशी जुळतात का, एकदा ताडून पाहा.

टाचणी

शेवटचा हप्ता अजून लांब आहे, तरी हे नोंदवून ठेवा. कर्ज मंजूर होताना दिलेल्या मूळ कागदपत्रांची यादी बँकेच्या शिक्क्यानिशी आत्ताच मागून घ्या. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. यादीच नसेल तर काय परत आलं नाही हे सिद्ध कसं करणार?

कागद हातात आले की एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) घ्या, स्वयंचलित हप्त्याची सूचना बंद करा, सेर्साईतली (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंद उतरली का पाहा. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातला बँकेचा बोजा आणि स्वतंत्र जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतली नोंद अर्ज देऊन काढून घ्या. ही नोंद आपोआप जात नाही, आणि घर विकायला काढल्यावर नेमकी तीच आडवी येते.