शब्दचर्चा : नायकीण, भादव्या आणि कल्लोळ

देवलांचं 'संशयकल्लोळ' वाचतोय. मघाला 'नायकीण' म्हटलंय, पण नाटकाची नायिका तर रेवती! मग ही कसली नायकीण? आणि कल्लोळ म्हणजे गोंधळच ना?

— नायकीण म्हणजे नायिका नव्हे हो! गाण्या-नाचण्याचा पेशा असलेली बाई ती नायकीण. मघा ही रेवतीची आई. एवढं कळलं की सगळे संवाद वेगळे ऐकू येतात. आश्विनशेठला रेवती नुसती आवडलेली नाही, नायकिणीच्या मुलीला लग्नाची बायको म्हणून घरात आणायचंय. आणि नेमकी तीच रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरायला धावतात आणि वरून कृत्तिका बघते! नवरा 'तसल्या' घरच्या पोरीला धरून उभा, मग ती कशाला ऐकून घेईल? 'नायकीण'चा अर्थ माहीत नसला तर कृत्तिका उगाच कजाग वाटते. माझ्या मते ती तशी नाहीच.

पुढचा घोळ तसबिरीचा. रेवतीकडची आश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. बायकोच्या हातात परपुरुषाचं चित्र बघून फाल्गुनराव पेटतात. मग तीच तसबीर फाल्गुनरावांकडे दिसल्यावर आश्विनशेठ रेवतीवर उखडतो. 'कल्लोल' म्हणजे संस्कृतात मोठी लाट. तुळजापूरचं कल्लोळ तीर्थ आठवा, सगळ्या तीर्थांचं पाणी तिथे एकत्र उसळलं असं सांगतात. मराठीत आपण हलकल्लोळ म्हणतो तेव्हा आरडाओरडा डोळ्यापुढे येतो, पण इथे मला लाटच जास्त पटते. एकाचा संशय दुसऱ्यावर जाऊन आदळतो.

— नावं महिन्यांची नि नक्षत्रांची, त्यात काही मेख?

— आश्विन-रेवती जमतं. नक्षत्रचक्रात रेवती शेवटची, अश्विनी पहिली, म्हणजे शेजारीच. कृत्तिका मात्र कार्तिकाची, आणि पडली फाल्गुनाच्या पदरात! देवलांनी मुद्दाम केलं की नुसती गंमत, मी छातीठोक सांगणार नाही. पण नावाचं शेपूट बघा. राव म्हणजे घरंदाज, शेठ म्हणजे पैसेवाला, आणि गड्याच्या, म्हणजे भादव्याच्या, वाट्याला नुसता 'या'.

— म्हणजे भादव्या ही शिवी?

— शिवी नाही. भाद्रपदाचं बोलीतलं रूप भादवा, त्याला गड्याला हाक मारायचा 'या', जसा रामाचा राम्या. मात्र 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने हे रंगभूमीवर आणलं, तेव्हाच्या प्रेक्षकाला ते नाव ऐकूनच हसू फुटलं असेल. गावाकडे आजही भादवा म्हटलं की आधी माजावर आलेली कुत्री आठवतात.