पिकअपआधी नेक बघा

तुम्ही विचारलंय, गिटार आणि अँप मिळून वीस हजारांत हार्ड रॉकसाठी कोणती इलेक्ट्रिक गिटार आणि कोणता पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय भाग) घ्यावा. मग हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअपच घ्या, याबाबत आधी उत्तर दिलेल्या सगळ्यांशी सहमत. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर उचलतो आणि गेन (अँपवरचं आवाज फाटका करणारं बटण) वाढवला की ती डोकं उठवते. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, चुंबकाची दिशाही उलट. त्यामुळे घरघर परस्पर कटते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. गिब्सन या गिटार कंपनीत इंजिनिअर सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती आज स्वस्तातल्या हंबकरमध्येही तशीच चालते.

म्हणून पिकअपच्या नावावर अडून बसू नका. तो पुढे कधीही बदलता येतो, पीळ पडलेल्या नेकचं (गिटारची लांब मान, जिच्यावर तारा दाबतात) काहीच करता येत नाही. दुकानात सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली अगदी बारीक फट दिसायला हवी. मग नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर दुसरी गिटार मागा.

आयबानेझ जिओ आणि कॉर्टची एक्स मालिका आधी वाजवून बघा. यामाहा पॅसिफिका ११२ वापरलेली, चांगल्या स्थितीत मिळाली तर सोडू नका. तिच्यात हंबकर फक्त ब्रिजला (जिथे तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तिथे) आहे, पण तुमच्या कामाला तेवढा पुरतो. या बजेटमध्ये फ्लॉइड रोझ पद्धतीचा, म्हणजे दांडीने हलवता येणारा ब्रिज मात्र नकोच, निम्मा रियाज ट्यूनिंग लावण्यात जाईल. आणि सेटअपसाठी (तारांची उंची वगैरे नीट बसवून घेणं) थोडे पैसे आधीच बाजूला काढा.