'खटपट' मराठीने बिघडवली म्हणे!

रवाळ: 'खटपट हा आवाजावरून घडलेला शब्द आणि आवाजाला देश नसतो, म्हणून त्याचा अर्थ सगळीकडे भांडणच, मराठीने अर्थ बिघडवला,' अशी एक पोस्ट फिरतेय. वाचून डोकं उठलं. हिंदीत 'दोनों में खटपट हो गई': दोघं लागतात, क्रियापद 'होना'. मराठीत 'खटपट करून बदली थांबवली': एकटा पुरतो, क्रियापद 'करणे'. नुसतं क्रियापद बघितलं तरी कळतं की दोन्हीकडचा शब्द वेगळं काम करतोय. भांडणासाठी आपल्याकडे खटके उडतात की. बिघडलं काय?

एकच_अर्थ: पोस्ट माझीच. हॉब्सन-जॉब्सन हा इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश (१८८६) उघडा. हिंदी आणि मराठी, दोन्हींत सर्वसाधारण अर्थ तंटा-कटकट असाच दिलाय. 'प्रयत्न' दाखवा.

बडोदेकर: अर्धीच नोंद वाचलीत. तो शब्द त्या कोशात शिरला तो बडोद्यामुळे. तिथला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, जेम्स औट्रम याने १८५१ मध्ये मुंबई सरकारला जो अहवाल धाडला त्याचा विषयच 'खटपट': पैसे चारून, मुंबईत वजन वापरून दरबारी कामं करवून घेणं. सरकारने उलट त्यालाच हलवलं. १८५४ मध्ये स्वारी परत बडोद्यात. विलायतेत शब्द पोचला तो या अर्थाने. तंट्याचा इथे संबंध काय?

एकच_अर्थ: मग तो गुजराती अर्थ झाला. मराठीचा नव्हे.

बडोदेकर: दरबार कुणाचा होता, साहेब? गायकवाडांचा! कारभाऱ्यांत मराठी माणसं कमी होती का?

पेढीवाला: आणि सावकार कोण होते? गुजराती. गुजरातीत 'खटपटी' म्हणजे आजही कारस्थानी, नसत्या उठाठेवी करणारा. प्रत्येक शब्दावर गायकवाडी शिक्का मारायची हौस पुरे झाली.

बडोदेकर: हौस नाही हो, व्याकरण. गुजरातीतही खटपट 'करतात'. म्हणजे मराठी-गुजराती एका बाजूला, हिंदी दुसऱ्या. आधी धडपड, मग ओळखी काढणं, मग वशिला, मग लाच. घसरण एकाच जिन्यावरची. मराठीत 'भारी खटपट्या आहे' हे कौतुकही असतं आणि टोमणाही, ते यामुळेच.

पेढीवाला: जिना मान्य. मालकी नाही.

हुबळीकर: तुमचं बडोदं संपलं असेल तर 'गडबड' घ्या. हिंदीत 'कुछ गड़बड़ है' म्हणजे काहीतरी चुकलंय. कन्नडात 'गडिबिडि' म्हणजे घाई. मराठीत 'गडबडीत आहे' म्हणजे घाई, पण वर्गात 'गडबड करू नका' म्हणजे गोंगाट. गुजरातीत 'गरबडिया अक्षर' म्हणजे न लागणारं. आणि मंगळूर-उडुपीकडे गडबड मागितलीत तर उंच पेल्यात थरावर थर लावलेलं आइस्क्रीम येतं. भाषाशास्त्रज्ञ एमेनोने १९६९ च्या लेखात असे नादशब्द आर्य आणि द्राविडी भाषांत सामाईक असल्याचं दाखवलंय. सामाईक आहे ती घडण. अर्थ ज्याचा त्याचा.

एकच_अर्थ: आइस्क्रीमवर आलो का आता? उत्तम.

मुद्रितशोधक: हसा, पण रोज निस्तरावं आम्हाला लागतं. हिंदी बातमी 'गठबंधन में खटपट'; मराठी पट्टी 'आघाडीत खटपट'. वाचणाऱ्याला वाटतं, आघाडी जुळवायला धावपळ चाललीय. अर्थ नेमका उलटा! बंगालीत तर 'मने खटका लागा' म्हणजे मनात शंका येणं. मराठीत खटका म्हणजे दाराचा, बंदुकीचा नाहीतर भांडणाचा. डबिंगवाला 'मनाला खटका बसला' लिहून मोकळा. अरे, पाल चुकचुकव ना!

रवाळ: चुकचुकणं हाही आवाजच, आणि शंका त्याच्यातच बसलेली. हिंदीत शब्दशः नेऊन बघा.

एकच_अर्थ: ठीक. 'बिघडवला' काढतो, 'वळवला' लिहितो. झालं समाधान? पण हिंदी अर्थ चूक आहे असं इथे कुणी सिद्ध केलेलं नाही.

हुबळीकर: तसं म्हणालंय कोण?

मुद्रितशोधक: ते राहू द्या. पट्टीवर 'आघाडीत धुसफूस' लिहा. अक्षरंही तेवढीच, जागेत बसतं.