न विकलेला कोरा कपडा फाडून सूत काढलं तर तो 'नाश' कसा?

ताणाबाणा
युरोपीय संघाच्या २०२४ च्या इकोडिझाइन (म्हणजे पर्यावरणपूरक उत्पादनाच्या) नियमाने न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी घातली आहे. मध्यम कंपन्यांना २०३० पासून, छोट्या आणि अगदी छोट्यांना सूट. इथवर माझी काहीच हरकत नाही. २०१८ मध्ये बर्बेरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडच्या वार्षिक अहवालातून एका वर्षात २.८६ कोटी पाउंडांचा माल नष्ट केल्याचं बाहेर आलं, तेव्हा मीही कपाळावर हात मारला होता.

माझं भांडण व्याख्येशी आहे. या नियमात रिसायकलिंगसुद्धा 'नष्ट करणे' यातच धरलंय. माल दान करा, डागडुजी करून विका, चालेल. पण त्याचे तंतू मोकळे करून नवं सूत कातलं की तो नाश!

रिसायकल करणाऱ्याच्या बाजूने बघा. जुन्या कपड्यांची गाठ फोडली की आत काय निघेल याचा नेम नसतो. लेबल कापलेलं, सुतात थोडा लायक्रा (ताणला जाणारा कृत्रिम धागा), वर चेन, धातूची बटणं, छातीवर रबरी छपाई. निवडणाऱ्या माणसांच्या मजुरीतच निम्मा जीव जातो. याउलट एकाच स्टाइलचे हजारो न विकलेले टी-शर्ट म्हणजे एक कापड, एक रंग आणि कापडाची रचना कागदावर तयार. याहून चांगला कच्चा माल कुठला? नेमका तोच दाराबाहेर ठेवला.

रोखठोक
दाराबाहेर वगैरे काही नाही. धडधाकट शर्ट फाडायचा, पिंजायचा, कातायचा, विणायचा, रंगवायचा, शिवायचा आणि शेवटी हातात काय, तर शर्टच! पिंजताना कापसाचे तंतू तुटून आखूड होतात, नवा कापूस मिसळल्याशिवाय धड सूत निघत नाही. घालण्याजोगा कपडा आधी कुणीतरी घालावा, एवढंच कायदा म्हणतोय. आणि अपवाद आहेत की. माल घातक असेल, बिघडला असेल, नकली असेल किंवा देऊ करूनही दान म्हणून कुणी घेतला नाही, तर मार्ग मोकळा आहे.

काजबटण
"कुणीतरी घालावा" म्हणजे कुणी, हेही लिहा ना. चिलीच्या आटाकामा वाळवंटात कपड्यांचे डोंगर आहेत, तेही कुणीतरी घालावेत म्हणूनच बंदरात उतरवले होते. घानात आक्राच्या कांतामांतो बाजारात व्यापारी गाठ न उघडता विकत घेतात, आतला चिंधी माल त्यांच्याच गळ्यात. पुनर्वापराच्या नावाखाली कचरा निर्यात होणार असेल तर त्यापेक्षा फाडलेला बरा. या मुद्द्यावर मी ताणाबाणा यांच्या बाजूने.

बॉबिन
मी मर्चंडायझिंगमध्ये आहे, म्हणजे कुठला माल किती मागवायचा ते ठरवण्याच्या कामात; तुम्ही सगळे नळ चालू ठेवून फरशी पुसताय. माल उरतो का ते बघा. रंगाईचं यंत्र ठरावीक वजनाला भरावं लागतं, गिरणी ठरावीक मीटरच्या खाली ऑर्डर घेत नाही, आणि नग वाढले की दर उतरतो. खरेदी करणाऱ्याला दुकानातली रिकामी मांडणी दिसली की घाम फुटतो, गोदामातला ढीग दिसत नाही. मग ऑर्डर फुगते. ऑनलाइन परत येणारा माल वेगळाच. युरोपात बाजारात येणाऱ्या कापडी मालापैकी ४ ते ९ टक्के न वापरताच नष्ट होतो, असा युरोपीय पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे.

दान करतानाही ब्रँड मानेचं लेबल उसवून घेतात. नावाला धक्का नको म्हणून! एकेका नगामागे कात्री घेऊन माणूस बसतो, मानेवर टाक्यांची भोकं राहतात ती राहतातच. हा खर्च कुणी कायद्यात धरलाय का?

रोखठोक
@ताणाबाणा, कच्चा माल नाही म्हणून रिसायकलिंग अडलंय हे पटवून घ्यायला मी तयार नाही. स्वीडनची रिसायकलिंग कंपनी रेन्यूसेल आठवते? सुंडस्वालला कारखाना उभारला, जुन्या सुती कपड्यांपासून लगदा बनवला, त्याचा पुढे व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासूनचा धागा, होत होता. मोठ्या ब्रँडांनी फोटो काढून घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी, कारण हवी तेवढी विक्रीच होईना. कापूस कमी पडला नाही, गिऱ्हाईक कमी पडलं.

ताणाबाणा
मान्य, गिऱ्हाईक हवंच. मग नव्या कपड्यात जुन्या कपड्याचा ठरावीक हिस्सा सक्तीचा करा. फक्त 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' एवढंच लिहून सोडू नका, नाहीतर उद्योग पाण्याच्या बाटल्या वितळवून आकडा पुरा करेल. आज बाजारातलं बहुतेक रिसायकल्ड पॉलिएस्टर बाटल्यांचंच असतं.

पण व्याख्येवर मी ठाम आहे. जाळणं आणि तंतू काढणं एकाच रांगेत बसवलं तर कंपनी काय करेल? दानाच्या नकाराची पत्रं गोळा करेल, अपवादात शिरेल आणि मग स्वस्त पडेल ते करेल. त्यापेक्षा तंतू परत कापडातच जाणार असेल तर त्याला वेगळी परवानगी द्या, हिशेब मागा.

काजबटण
निवडीचा खर्च कोण देणार, ते अजून कुणी बोललं नाही. फ्रान्समध्ये जुने कपडे गोळा करून निवडण्यासाठी उत्पादकांकडून शुल्क घेण्याची पद्धत जुनी आहे, तरी २०२५ च्या जुलैमध्ये हे काम करणाऱ्या 'ल रले' संस्थेने लोक जुने कपडे टाकतात त्या पेट्या रिकाम्या करणं थांबवलं होतं. मिळणाऱ्या पैशांत निवड परवडत नाही म्हणून. आता युरोपीय संघाच्या २०२५ च्या कचरा निर्देशाने अशी पद्धत सगळ्या सदस्य देशांना लागू होणार आहे, पण त्यासाठी ३० महिने दिलेत.

बॉबिन
शुल्क नगावर लावाल तर महाग आणि स्वस्त दोघांना सारखंच. उरलेल्या मालाच्या टक्क्यावर लावा. ज्याचा दहावा हिस्सा गोदामात पडून राहतो त्याने जास्त भरावं. मग बघा पुढच्या हंगामात ऑर्डरचा आकडा कसा खाली येतो.

रोखठोक
@बॉबिन, हे पटलं. पण उरलेला माल किती, हे आज कंपनीच सांगते. तो आकडा तपासणार कोण?